डावी बाजू

स्टॉकहोमच्या त्या प्रयोगशाळेत बूट दाराबाहेर काढायचे आणि अक्कलही, असं टोर्केल चेष्टेनं म्हणायचा. मग लोकरी मोज्यांनिशी सगळे संशोधक पाळीपाळीनं चटईवर आडवे व्हायचे. चटई एकेका अवयवाला ऊब द्यायची, डोक्यावरचा दिवा श्वासाबरोबर उजळायचा, मंदावायचा. यंत्र आधी स्वतःच्या अंगाला कसं लागतं ते जाणायचं, मगच ते लोकांसाठी घडवायचं, ही त्यांची रीत. एक नियम मात्र कडक होता: चटईवरच्या माणसाला हात लावायचा नाही, घाई करायची नाही, जाणवेल त्याला चूक म्हणायचं नाही. नियम त्यांच्यातल्याच हिल्लेवीनं घातला होता.

त्या दुपारी चटईवर तीच होती. गुन्व्होर शेजारी बसून सूचना देत होती.

"डावा खांदा जमिनीला कुठे टेकतोय, बघ."

हिल्लेवीनं शोधला. खांदा सापडेना. ऊब उजव्या कुशीला आली, डावीकडे काहीच नाही. चटई बिघडली असेल म्हणून तिनं उजवा हात तिकडे नेला. चटई चांगली तापली होती.

"डावी बाजू... नाहीये."

"अगंबाई, नाहीच? किती सुंदर!" गुन्व्होर पुटपुटली. "राहा त्यातच."

"नको... म... मला..." जीभ जड झाली होती, शब्द बोबडे येत होते.

"घाई नको गं. शब्द मागून येतील."

"हिचं बरंय," टोर्केल कुजबुजला. "मी चटईवर पडलो की नुसता घोरतो."

हिल्लेवीची आई अशीच पक्षाघातानं गेली होती, कॉफीचा कप हातात असताना. ते आठवलं आणि तिला दरदरून घाम फुटला. ती धापा टाकू लागली, तसा दिवा लपलपला.

"बघ, बघ, दिवा कसा नाचतोय!" गुन्व्होर हरखली.

हाताच्या अंतरावर माणसं होती आणि ती सगळी तिच्याच नियमाचा मान राखत होती. आपण मरणार आणि ही मंडळी कौतुकानं बघत बसणार, हे तिला लख्ख कळलं. ओरडायला जीभ वळेना. उजवा हात मात्र अजून तिचा होता. तो चटईच्या कडेनं चाचपडत गेला, वायर लागली, आणि तिनं होता नव्हता तेवढा जोर लावून ती उपटली.

दिवा विझला.

"अरे, यंत्र गेलं!" टोर्केल ताडकन उठला, धावत आला, वायरीसाठी गुडघ्यांवर वाकला. तेव्हा कुठे त्याला तिचा चेहरा दिसला. अर्धा रडत होता, अर्धा ओघळून स्वस्थ पडला होता.

"गुन्व्होर, रुग्णवाहिका बोलाव! आत्ता!"

रुग्णवाहिकेत गुन्व्होर तिचा डावा हात कवटाळून रडत होती. हिल्लेवीला तो हात जाणवत नव्हता.

"अगं, बोलली का नाहीस तू?" गुन्व्होर पुन्हा पुन्हा विचारत होती.

ती बोललीच होती.