मोजणीबाईचा मासा

माझ्या धाकट्या बहिणीचं कौतुक झालं की माझं डोकं दुखायला लागतं. लहानपणापासूनचं आहे हे. डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही आणि घरात सांगण्यासारखं तर नाहीच नाही. आता सांगतेय, कारण पोटात ठेवून ठेवून मीच आंबून गेलेय.

आम्ही दोघी एकाच संग्रहालयात, मत्स्यविभागात नोकरीला आहोत. मी तळघरात, ती दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी. मी माशांचे काटे नि खवले मोजते, ती माशांची चित्रं काढते. मला सतरा वर्षं झाली, तिला दोन. तिला इथे चिकटवली तीही मीच. आई सारखी मागे लागली होती, "तुझी एवढी ओळख आहे तिथे, एक शब्द टाकलास तर जीभ झिजेल का तुझी?" टाकला शब्द. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

आमचे सर वीस वर्षं एकाच कुळाच्या मागे लागलेत. उष्ण समुद्रात, प्रवाळाच्या खडकांत राहणारे बोटाएवढे मासे. डॉटीबॅक म्हणतात त्यांना. दीडशेच्या वर जाती. एक नखशिखांत जांभळा. एक पुढून जांभळा आणि मागून पिवळाधमक, दोन माशांचे तुकडे शिवल्यासारखा. काही तर इतके लांबुळके की वाम मासे समजून बाजूला ठेवावेत. जातीजातीत नर वेगळा, मादी वेगळी, त्यामुळे पूर्वी भल्याभल्यांनी एकाच जातीच्या नवराबायकोला दोन जाती म्हणून पुस्तकात घातलंय. आणि स्वभाव म्हणाल तर एकेकाचं आपलं स्वतंत्र बीळ, आणि आपल्यातलाच दुसरा कोणी आसपास फिरकला की त्याची शेपटी कुरतडून हाकलतात. परक्या माशाचं एवढं वावडं नाही, आपल्यातला नको. मला हे मासे पहिल्या दिवसापासून समजले.

मासा मेला की त्याचा रंग उतरायला लागतो, आणि औषधाच्या बरणीत गेला की काही दिवसांत जांभळा काय नि पिवळा काय, सगळे मातकट. म्हणून चित्रकार लागतो. मासा समुद्रावरून आणला की तो जिवंत असतानाच ती रंग कागदावर उतरवून घेते. मग तो बरणीत जातो आणि माझ्याकडे तळघरात येतो. मी मायक्रोस्कोपखाली धरून मोजते. पाठीवरच्या पंखात कठीण काटे किती, मऊ किती, अंगावर खवल्यांच्या ओळी किती. विभागात मला सगळे मोजणीबाई म्हणतात. तिला कलाकार म्हणतात.

गेल्या वर्षी पाणबुड्यांनी एक मासा आणला. अंग राखी, डोकं वीटकरी आणि शेपटीला बारीक जांभळी किनार. धाकटीने त्याचं चित्र काढलं, आणि सर तिच्या पाठीमागे उभे राहून बघतच बसले. दीडशे जातींची चित्रं त्यांना तोंडपाठ. म्हणाले, "हा कुठेच नाही." झालं. दुपारपर्यंत अख्ख्या विभागात नव्या जातीची बातमी पसरली, आणि शोध कोणाचा, तर जिने चित्र काढलं तिचा.

मासा यथावकाश माझ्याकडे मोजायला आला. मी मोजला. दोनदा मोजला. आमच्याकडे एक जुनी, चांगल्या ओळखीची जात आहे. तिची मादी नुसती राखी, काही डौल नाही, आणि नर वीटकरी डोक्याचा, बाकी सगळा जांभळा. सगळे आकडे त्या जातीशी तंतोतंत जुळत होते. मी सरांना जाऊन सांगितलं.

सर हसले. "या कुळात आकडे जुळतातच हो. रंग बघा, बाई, रंग."

सतरा वर्षं आकडे मोजलेल्या बाईला हे ऐकवायचं. मी खाली आले आणि बरणीचं झाकण इतकं घट्ट लावलं की नंतर मलाच उघडेना.

धाकटीची नेमणूक वर्षावर्षाची होती. नव्या जातीचा शोधनिबंध तिच्या नावासकट छापायला गेला की संग्रहालयाची समिती तिला कायम करणार, हे सरांनी तिला शब्द दिल्यासारखंच सांगितलं होतं. त्या एका माशावर तिची नोकरी अडकली होती. मला कायम व्हायला नऊ वर्षं लागली होती, आणि त्या दिवशी साधी पाठ थोपटायलाही कोणी खाली उतरलं नव्हतं.

रविवारी आईकडे जेवायला गेलो. आईने दार उघडलं ते शोधाचं बोलतच. शेजारणीला सांगून झालं होतं, मावशीला फोन झाला होता. मग तिला माझी आठवण झाली.

"आणि तू काय केलंस गं त्यात?"

"मोजलं."

"हो का?" आई म्हणाली. "तेही लागतंच म्हणा कोणीतरी."

धाकटी पटकन म्हणाली, "अगं आई, ताईने मोजल्याशिवाय मासा पुढे सरकत नाही." तिने माझी बाजू घेतली ना, त्याने मला जास्त झोंबलं. आईचं बोलणं माझ्या अंगवळणी पडलंय. हिची दया कोणी मागितली होती?

आता मुख्य गोष्ट. तळघराच्या मागच्या खोलीत तीन काचेच्या टाक्या आहेत. त्यांतल्या माशांना खायला घालणं, पाणी बदलणं, काच पुसणं हे माझ्याकडे. तिकडे दुसरं कोणी फिरकत नाही, कारण दमट आहे आणि वास येतो. त्याच सुमारास एक टाकी गळायला लागली, म्हणून मी त्या जुन्या जातीच्या दोन राखी माद्या एका टाकीत टाकल्या. तासाभरात मोठीने धाकटीला कोपऱ्यात दाबलं. तिला खाऊ देईना, बिळात शिरू देईना. (हे उदाहरण मला कोणी देऊ नये, मला माझं कळतं.) या कुळात अशी वरचढ झालेली मादी हळूहळू नर होते, हे आम्हाला ठाऊक आहेच. पण बदलताना मधल्या दिवसांत ती दिसते कशी, ते या जातीत कोणी पाहिलं नव्हतं.

ते मी पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात तिचं डोकं तांबूस झालं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी दिवा लावला, तर काचेपलीकडे धाकटीच्या चित्रातला मासा. राखी अंग, वीटकरी डोकं, शेपटीला जांभळी किनार.

मी वर गेले, भिंतीवरचं चित्र बघितलं. खाली आले, मासा बघितला. पुन्हा वर गेले.

"ताई, आज फार फेऱ्या चालल्यात," धाकटी म्हणाली. "पायऱ्याही मोजायला लागलीस की काय?"

मी हसले. अगदी छान हसले.

नवी जात वगैरे काही नव्हती. जुनीच मादी नर व्हायला निघाली होती आणि नेमकी अर्ध्या वाटेवर पाणबुड्यांच्या जाळ्यात सापडली होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ती समोर होती, सर पलीकडच्या खोलीत होते. तोंड उघडायचं, दोन वाक्यं बोलायची, संपलं. मी खाली गेले आणि टाकीच्या तिन्ही बाजूंना जाड कागद चिकटवला. कोणी विचारलंच तर सांगणार होते, मासे उजेडाला बुजतात. कोणी विचारलं नाही.

मला काय हवं होतं तेही सांगून टाकते. मला तो निबंध छापून यायला हवा होता. तिचा फोटो, आईचं मिरवणं, सगळं यथासांग व्हायला हवं होतं. आणि मग कधीतरी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या विद्वानाने तिच्या शोधाच्या चिंधड्या कराव्यात, हेही हवं होतं. मी त्या वेळी तिच्या पाठीवर हात ठेवून, "असू दे गं, होतं असं," म्हणणार होते. ते वाक्य मी आरशासमोर म्हणूनसुद्धा बघितलं होतं. चांगलं जमत होतं.

दोन महिने गेले. टाकीतला मासा पुरता जांभळा नर झाला, मधला रंग नाहीसा झाला. मग एका दुपारी सरांनी निबंधाची प्रत खाली पाठवली. वर चिठ्ठी होती, "बाई, तुमचे आकडे तेवढे तपासून द्या. परवा पाठवायचा आहे." आकडे बरोबर होते. माझे आकडे बरोबरच असतात. मी सहज पान उलटलं.

शेवटी एक छोटा परिच्छेद होता, नामकरणाचा. नव्या जातीला माझं नाव दिलं होतं. माझं. लॅटिनच्या वळणाने शेपूट लावलेलं, पण माझंच. खाली लिहिलं होतं, 'सतरा वर्षं या कुळातला एकेक काटा जिने मोजला, आणि तरीही जिचं नाव कुठल्याही मुखपृष्ठावर नाही, तिच्यासाठी.' सरांना असं वाक्य सात जन्मांत लिहिता आलं नसतं. ते धाकटीचं होतं.

मी ते किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? ऊर भरून आला. शंभर वर्षांनी कुठल्यातरी तळघरात कोणी बरणी उचलेल आणि माझं नाव वाचेल, असं वाटलं. पण ती बरणी खोटी होती, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गप्प राहिले असते तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. तिला नोकरी मिळत होती, मला नाव मिळत होतं, आईला विषय मिळत होता. पण दहा वर्षांनी नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी दोन माद्या एका टाकीत टाकणारच. मग माझं नाव त्या यादीत जाऊन पडणार, चुकून वेगळ्या मानलेल्या जातींच्या यादीत. सतरा वर्षांत एक आकडा न चुकलेली मी, आणि कायमची चूक म्हणून छापली जाणार.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी टाक्यांची वही घेऊन वर गेले. धाकटी ब्रश धूत होती.

"हे वाच," मी म्हणाले.

तिने हात पुसले आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. माझी वही चोख असते. तारीख, खाऊ, पाणी, कुठला मासा कसा दिसला ते सगळं. तिला समजायला फार वेळ लागला नाही. ती भिंतीवरच्या आपल्या चित्राकडे बघत राहिली आणि हळूच स्टुलावर बसली.

"म्हणजे मादीच ती," ती म्हणाली.

"हो."

"नवी नाहीच."

"नाही."

मला वाटलं, आता रडेल. ती पानं मागे उलटत होती. एका तारखेवर तिचं बोट थांबलं.

"ताई, हे तर दोन महिन्यांपूर्वीचं आहे."

मी तिचे धुतलेले ब्रश पुसायला घेतले.

"मग आजच का आणलीस? माशाला तुझं नाव दिलंय ते कळलं ना? कुणी सांगितलं तुला? मला तर छापून आल्यावर तुला दाखवायचं होतं."

"सरांनी प्रत तपासायला पाठवली होती. काल."

"काल नाव वाचलंस आणि आज वही आणलीस." तिचा आवाज चढला नाही. "माझं नाव दिलं असतं, तर आणली असतीस?"

बोलायला शंभर गोष्टी होत्या. खात्री करून घेत होते, म्हणता आलं असतं. तिचा विश्वासही बसला असता, कारण तिला बसवायचा असतो.

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"ही सरांना दाखवू नकोस. खालून आणखी दोन माद्या घे, एकत्र टाक आणि आजच्या तारखेपासून नवी वही सुरू कर. मी सांगते सरांना, मला रंगांवरून शंका आली, म्हणून निबंध थांबवा."

"अगं, पण तुझी नेमणूक?"

"ती गेली. पण तू दोन महिने माहीत असून गप्प बसलीस हे कळलं, तर ते तुला एक दिवससुद्धा ठेवणार नाहीत. दोघींची कशाला जायला हवी?"

एवढं बोलून ती भिंतीवरचं चित्र काढून सरांच्या खोलीकडे निघाली. तिला थांबवायला हवं होतं. दारापर्यंत सात-आठ पावलं होती, तिने ती सावकाश टाकली, आणि मी थांबवलं नाही. आता सर म्हणतील, काय प्रामाणिक मुलगी आहे. आई म्हणेल, स्वतःची चूक स्वतःहून सांगायला केवढं मन लागतं. दोघंही खरं तेच बोलतील. मी तिच्या स्टुलावर वही घेऊन बसून राहिले. मला तिची कणव यायला हवी होती, निदान स्वतःची लाज तरी वाटायला हवी होती, आणि वाटलीही असेल. पण दाराआड सरांचा आवाज मऊ झालेला ऐकला, आणि मला तिचा हेवा वाटला. इतका तिच्या शोधाचाही वाटला नव्हता.