वीराची जखम

मोर्चात कोंडीरामच्या मांडीत गोळी घुसली. इस्पितळात ती काढून टाके घातले आणि घरी सोडताना त्याच्या बायकोला, बकुळाला, बजावलं, "पट्टीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही!"

पण लालबागच्या चाळीत संयुक्त महाराष्ट्राचा वीर आला होता ना! जो येई तो म्हणे, "वहिनी, जखम बघू की!" बकुळा नको नको म्हणेपर्यंत सासूबाई अभिमानानं पट्टी उचलून दाखवत. सुनेचं मेलं ऐकतंय कोण!

पाचव्या दिवशी जखमेत पू झाला, अंग तव्यासारखं तापलं. नाक्यावरचे डॉक्टर धावत आले.

"पट्टी कुणी उघडली?" ते कडाडले.

बकुळानं दाराकडे पाहिलं. अख्खी चाळ हात जोडून उभी होती, आणि मागचे टाचा उंचावून जखम बघत होते.