नोबुएच्या नावाची सफरचंदं

शेजारच्या किनुयोकाकूंचं डोकं आता ठिकाणावर नाही, हे नोबुएने सप्टेंबरातच जाहीर करून टाकलं होतं. बाई ऐंशीला टेकलेली, घरात एकटी, अंगणात एकच म्हातारं सफरचंदाचं झाड. आणि रोज सकाळी शिडी लावून त्यावर चढायची, तेही एकाच फांदीसाठी. तिथल्या चार-पाच फळांभोवतीची पानं खुडायची, फळं हलकेच फिरवून ठेवायची. फळ चहूबाजूंनी लाल व्हावं म्हणून बागवाले हे करतातच, पण त्यांना माल विकायचा असतो. घरच्या झाडाचे एवढे लाड कोण करतं?

बरं, शिडी नोबुएचीच. ती देताना नोबुएने दोन शब्द सुनावून घेतले होते, की या वयात कंबर मोडून घेतलीत तर निस्तरायचं आम्हालाच. शिवाय त्या झाडाची पानं वाऱ्याने उडून नोबुएच्या मुळ्याच्या वाफ्यात येऊन पडायची, तो राग वेगळाच. मग मित्सुएच्या पार्लरमध्ये केस कापून घेता घेता तिने सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

"फळांशी बोलते गं ती, डोकं चालत नाही तिचं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, हिची तर ऐंशी झाली."

मित्सुए हसली, शेजारच्या खुर्चीतलीही हसली. गाव लहान. बोललेलं कुठवर जातं, हे नोबुएला ठाऊक नव्हतं असं नाही.

नोव्हेंबरात इवाकी डोंगराच्या माथ्यावर बर्फ दिसायला लागलं आणि नोबुएला स्वतःला साठ पूर्ण झाली. साठी म्हणजे काही लहानसहान गोष्ट नव्हे. माणसाला लाल बंडी घालतात, घरचे जमतात, जेवण होतं. नोबुएच्या घरी काहीच झालं नाही. तोक्योतल्या मुलाचा फोन नाही. नवरा कान्जी तांदळाचं दुकान उघडायला गेला तो जाताना मोजे कुठेत एवढंच विचारून. ती दिवसभर धुमसत होती. कुणाला सांगायचं तरी काय? स्वतःच्या तोंडाने कसं म्हणायचं, की माझं कौतुक करा?

दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी काकूंचं विटकरी फडकं गाठ मारून ठेवलेलं दिसलं. कोपरा उचकटला तर आत सफरचंदं. तोडणीच्या दिवसांत, त्या गावात, सफरचंदं! समुद्रात मीठ टाकावं तसं. पडवीत आधीच ह्याने दिलेली, त्याने दिलेली खोकी रचून ठेवली होती. चडफडत तिने फडक्याची टोकं धरली आणि फळं धडाधड कागदी पिशवीत ओतली. पिशवी कान्जीच्या दुकानाची, निळ्या बगळ्याचं चित्र असलेली. ती तिने तशीच नेऊन मित्सुएच्या गळ्यात मारली. घरी परतली तेव्हा जरा हलकं वाटलं, हेही खरं.

फडकं मात्र परत करायला हवं होतं, आणि रिकामं फडकं कुणी परत करत नाही. दोन दिवसांनी तिने चेस्टनट घालून भात केला, डबा त्या फडक्यात बांधला आणि काकूंकडे गेली. काकूंनी तिला उबदार टेबलाच्या दुलईत पाय घालून बसवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, सफरचंदं कशी निघाली?

"साखर हो, काकू," नोबुए म्हणाली. "ह्यांनी तर त्याच रात्री फस्त केली. एक उरलं असेल तर शपथ."

काकूंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि चहा आणायला आत गेल्या.

नोबुएची नजर सहज देव्हाऱ्याकडे वळली. काकूंच्या नवऱ्याच्या फोटोपुढे ताटलीत पाच सफरचंदं ओळीने मांडली होती, लालभडक. प्रत्येकावर एकेक पिवळं अक्षर. कच्च्या फळावर कागदाचं अक्षर चिकटवलं की ऊन लागून बाकीची साल लाल होते, अक्षर तेवढं फिकं राहतं. लग्नकार्यात द्यायला अशी फळं मुद्दाम करतात. ही पाच वाचायला वेळ लागला नाही. तीन अक्षरांत तिचं नाव होतं, दोन अक्षरांत साठ. एका फळाला ओतताना लागलेला मार काळवंडला होता. ताटलीखाली घडी घालून ठेवलेल्या कागदावर निळा बगळा दिसत होता.

म्हणजे मित्सुएनेही पिशवी न उघडताच एकट्या म्हातारीला नेऊन दिली होती. आणि काकूंनी ती उघडली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नोबुएला झालं.

काकू चहा घेऊन आल्या. ती कुठे पाहतेय ते त्यांनी पाहिलं.

"ही होय? ही बांधायचीच राहून गेली बघ त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "वय झालं. डोकं चालत नाही माझं."

तिचेच शब्द, पार्लरमधले. काकूंनी ते तिलाच पांघरायला दिले होते. खरं बोलायला तीच वेळ होती. पण नोबुए म्हणाली, "होतं असं कधी कधी," आणि चहाचा घोट घेतला.

काकूंनी पाचही फळं त्याच फडक्यात बांधून दिली. वर म्हणाल्या, "या वेळी फडकं रिकामंच आण गं."

घरी कान्जीने अक्षरं वाचली आणि कपाळावर हात मारला. अगं, तुझी साठी झाली की! असली फळं करायला केवढी खटपट पडते, कुणी केली म्हणून तो विचारत राहिला. नोबुएने सांगितलं नाही. तिने एक सफरचंद चिरायला घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. आपल्या नावावर सुरी चालवायची तिला हिंमत होईना.

सकाळी ती रिकामं फडकं घेऊन गेली. दारातच, पायातलं न काढता म्हणाली, "काकू, मी फडकं नीट उघडूनही पाहिलं नव्हतं. न बघताच दुसऱ्याला देऊन टाकली. आणि काल तोंडावर खोटं बोलले."

काकूंनी फडकं घेतलं, सावकाश घडी घातली.

"शिडी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाजूच्या फांदीवर, वरती थोडी राहिलीत. शेंड्याचं एक सोड, ते पाखरांचं."

नोबुए शिडी घेऊन आली आणि चढली. खुडलेल्या पानांचे नुसते देठ उरले होते, त्या जागेपर्यंत पोचली. तिथून तिचा मुळ्याचा वाफा खाली, खूप खाली दिसत होता. तिने दोन्ही हातांनी फांदी घट्ट धरली. खाली काकू शिडी धरून उभ्या होत्या. नोबुएने ती त्यांच्यासाठी एकदाही धरली नव्हती.