एकट्या डाव्या पावलाने

आईने उजवे पाऊल शिलाई मशीनच्या पायडलवरून काढून फरशीवर ठेवले आणि म्हणाली, "आता बघू. एकट्या डाव्याचं काय ते कळू दे."

तिला व्यायाम शिकवायला घरी येणारी ताई आणि मी, दोघी नुकत्याच हरखून गेलो होतो. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आईचे डावे पाऊल पुढून लोंबत असे. अंगठा जमिनीला घासायचा. एकदा दारातच अडखळून ती पडली होती. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या बाईला तिच्याच मशीनवर बसवून पाहावे, ही कल्पना ताईची. आईने दोन्ही पावले पायडलवर ठेवली, चाकाला हात दिला आणि डावे पाऊल वरखाली होऊ लागले. मी डोळे पुसले.

आईने मात्र चाक थांबवले. तिच्या मते मेहनत सगळी उजव्याची होती, डावा नुसता फुकट्यासारखा बसून चालला होता.

"मशीन मला चालवतंय गं बाई. मी त्याला नाही."

ताईचा चेहरा जरा उतरला. पण मग तिने आईचा हात धरून नडगीच्या बाजूला ठेवला आणि समजावले. पाऊल वर उचलणारा स्नायू इथे, पुढे. खाली दाबणारे मागे, पोटरीत. कलंडू न देणारे बाजूला. पावलापर्यंत पोचतात त्या फक्त त्यांच्या दोऱ्या, घोट्यापाशी वळून.

"म्हणजे परकराच्या नाडीसारखं," आई म्हणाली. "ओढायचं इथं, हलायचं तिथं."

मी लहानपणी मशीनशेजारी जमिनीवर बसून अभ्यास करायची, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हीच पावले असत. टाच, चवडा, टाच, चवडा. घोट्यावरच्या कातडीखाली दोऱ्या उमटत आणि विरून जात. वर आई शेजारणीशी गप्पा मारत असे. खाली एवढा कारभार चालला आहे, हे तिच्या गावीही नसे, आणि माझ्याही.

एकट्या डाव्याखाली पायडल पुढे कलंडले आणि तसेच राहिले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढेही. पाऊल उठले नाही तर कायम आधार बांधून, कुणाचा तरी हात धरून चालावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आईला कुणाचा हात नको होता. रोज दुपारी ती मशीनवर बसायची. मी आता पुरे म्हटले की विचारायची, गिऱ्हाईक उशिरा आलं म्हणून दुकान बंद करतं का कुणी?

एका दुपारी तिने मला हाक मारली. मी खाली बसून तिच्या नडगीवर तळवा ठेवला. बराच वेळ काही नव्हते. मग तळव्याखाली काहीतरी थरथरले, थांबले, पुन्हा थरथरले. घोट्याच्या पुढे, सैल कातडीखाली, एक बारीक दोरी ताठ उभी राहिली आणि पायडलची पुढची कड नखभर उचलली गेली. एवढ्याशा हालचालीमागे आख्खी आई उभी होती: आवळलेला जबडा, कपाळावर घाम, मिटलेले डोळे.

"उचललं का गं?" तिने विचारले. तिला स्वतःला कळत नव्हते.

"उचललं."

"मग हात काढ. लुडबुड नको."

पुढच्या काही महिन्यांत ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत एकटी जाऊन यायला लागली. सावकाश, पण कुणाला न धरता. मी खिडकीतून पाहत असे आणि तिचे प्रत्येक पाऊल जमिनीवरून सुटले की मनातल्या मनात थक्क होत असे.

ती गेली ती हृदयविकाराने, दवाखान्यात, भर दुपारी, फारसा त्रास न होता. नर्सने तिचे पाय सरळ केले. दोन्ही पावले सारखीच पुढे झुकून बाहेर कलली होती. कुठले मुकाट चाललेले आणि कुठल्याला शिकवावे लागलेले, हे आता ओळखू येत नव्हते. मी पायथ्याशी उभी राहिले, तिच्या दोन्ही तळपायांना हात लावले आणि पावले उभी धरली. मला वाटले होते त्याहून पुष्कळ जड होती.

नर्स चादर घेऊन थांबली होती. मी खुणेनेच तिला जरा थांबायला सांगितले.