मृतांच्या वहीत मी

शाळेला शंभर वर्षं होणार म्हणून मुख्याध्यापिकांनी मला शाळेचा इतिहास लिहायला बोलावलं. मी निवृत्त ग्रंथपाल, शाळेची माजी विद्यार्थिनी आणि घरी रिकामी बसलेली. साहजिकच निवड बिनविरोध झाली.

बसायला चॅपलच्या मागची खोली मिळाली. आमच्या वेळी तिथे आजारी मुलींना झोपवत, आणि आजारी मुलगी म्हणजे बहुतेक वेळा मीच असायची. प्रार्थनेत घेरी आली की मला उचलून इथे आणत. खिडकीच्या काचा अजून निळ्याच होत्या. दुपारी ऊन कलायला लागलं की सगळी खोली निळी व्हायची, आणि कागद चाळता चाळता माझा हात पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा. वरच्या मजल्यावर कुणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत असे. अशा वेळी मी नेमकी कोणत्या वर्षात बसले आहे, हे मला खात्रीने सांगता आलं नसतं.

कागद मात्र मजेदार होते. चार मिशनरी सिस्टर एक घंटा घेऊन इथे आल्या आणि त्यांनी एका तबेल्यात शाळा काढली. पहिल्या दिवसाची नोंद अशी: ‘आज अकरा मुली. एक घोडा अजून हलवलेला नाही.’ पुढे लढाईच्या काळात वर्गांत जखमी लोक झोपले आणि मुली झाडाखाली भूमिती शिकल्या. एका वर्षी सगळ्या दहावीने केस कापले म्हणून पालकांची सभा भरली होती. हे सगळं वाचताना मी एकटीच खुदुखुदु हसायचे.

आठव्या दिवशी मृतांची वही हाती आली. काळ्या पुठ्ठ्याची, जाड. शाळेची एक रीत आहे. दर नोव्हेंबरात सगळ्या मुली चॅपलमध्ये जमतात आणि शाळेतून शिकून गेलेल्या, आता हयात नसलेल्या प्रत्येकीचं नाव मोठ्याने वाचलं जातं. प्रत्येक नावानंतर मुली म्हणतात, ‘तिला शांती लाभो.’

सदतिसाव्या पानावर माझं नाव होतं.

वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळा सोडल्याच्या वर्षासकट. एकतीस वर्षांपूर्वीची नोंद. अक्षर शिट्टी सिस्टरचं, टोकदार आणि उजवीकडे झुकलेलं. या आमच्या जुन्या मुख्याध्यापिका. गळ्यात क्रूस आणि शिट्टी एकाच दोरीत अडकवायच्या, म्हणून हे नाव.

आधी मला हसूच आलं. एकतीस वर्षं शेकडो मुली माझ्या आत्म्यासाठी प्रार्थना करत होत्या आणि माझे गुडघे मात्र जिन्यावर कुरकुरतच होते. मग साल पुन्हा पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. त्या साली माझी धाकटी बहीण गेली होती. चोवीस वर्षांची होती. तीही याच शाळेची, माझ्या एक वर्ष मागे. वही मी शेवटच्या पानापर्यंत पाहिली. तिचं नाव कुठेच नव्हतं.

दोन दिवस मी शाळेत मेलेल्या बाईसारखी वावरले. मधल्या सुट्टीत मुलींचे लोंढे दोन्ही बाजूंनी वाहत जायचे, कुणी माझ्याकडे बघायचं नाही, आणि मला ते बरोबरच वाटायचं. आवाराच्या भिंतीवरून उड्या मारणारी धाकटीच होती. मी अंथरुणाला खिळलेली. ‘थोरलीचं काही खरं नाही,’ असं डॉक्टर, शेजारी, आत्या सगळे माझ्यासमोर बोलायचे. आणि तापाने चार दिवसांत गेली ती. त्यानंतर आई माझ्याकडे बघायची तेव्हा तिच्या नजरेत एक प्रश्न असायचा. तिने तो कधी विचारला नाही, देवाने तिचं भलं करो, पण मला तो रोज ऐकू यायचा. तेव्हापासून मी धाकटीच्या वाटचं आयुष्य वापरत असल्यासारखी जगले, जपून, डाग पडू न देता. त्यामुळे वहीतलं नाव पाहून मनात आलं ते हेच, की राहू द्यावं. कुणीतरी शेवटी हिशेब नीट लावला आहे.

पण मग धाकटी कुठेच राहत नव्हती. ते काही मला सहन होईना.

तिसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावर गेले. शिट्टी सिस्टर अजून तिथेच एका खोलीत राहत. नव्वदी उलटलेली, डोळ्यांत सायीसारखं पांढरं साचलेलं. खुर्चीत बसून ऊन घेत होत्या.

“कोण आहे?”

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी चेहरा माझ्या आवाजाकडे वळवला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, “ये, बस. मला न्यायला तुला पाठवलं होय? मला वाटलं होतं, एखादा देवदूत तरी पाठवतील.”

“सिस्टर, मी जिवंत आहे.”

“आधी सगळ्या असंच म्हणत असतील.”

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी माझी बोटं चाचपली, मनगट दाबलं, नाडी पाहिली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“मग तुझ्या वडिलांचं पत्र?”

“ते धाकटीचं होतं.”

“त्यात नाव नव्हतं गं. ‘माझी मुलगी गेली’ एवढंच होतं.” त्यांनी माझा हात सोडला. “मी विचारलंसुद्धा नाही. दोघींतली जायची म्हणजे तूच, असं मी धरूनच चालले. उद्या बोलावणं आलं तर देवासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?”

“तुम्ही एकट्या नव्हता, सिस्टर. सगळ्यांनी तेच धरलं होतं. मीसुद्धा.”

त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. “म्हणजे धाकटीसाठी इथे एकतीस वर्षं एक शब्द नाही?”

“देवाला कळलं असेल की.” मी त्यांना धीर द्यायला म्हटलं.

“देवाला कळतं. पण मुलींना कळायला हवं होतं. त्या भिंतीवरून तिच्यानंतर कुणी तशी उडी मारली नाही. वही आण.”

शाळेत चूक दुरुस्त करायची म्हणजे पट्टी लावून एकच सरळ रेघ मारायची, खाडाखोड नाही, हा त्यांचाच नियम. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी पट्टी धरली आणि त्यांचा हात माझ्या नावाच्या सुरुवातीला नेऊन ठेवला. त्यांनी रेघ मारली. शेवटाला जरा वाकडी झाली, ते मी सांगितलं नाही. खाली धाकटीचं नाव मी लिहिलं.

“या वर्षी वाचायचं तू,” त्या म्हणाल्या. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांना नाही म्हणायची सोय कधीच नव्हती.

नोव्हेंबरातल्या वाचनाच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, चॅपल मुलींनी भरलं होतं. मेणबत्त्यांचा वास, ओल्या वेण्या, मागच्या बाकावर जांभया. मी नावं वाचत गेले आणि आवाजांची लाट येत-जात राहिली. तबेल्यातल्या अकराही जणी गेल्या, केस कापलेल्या काही गेल्या. सदतिसावं पान आलं. माझ्या नावावरची रेघ ओलांडून मी धाकटीचं नाव वाचलं. जिला कुणी ओळखत नव्हतं तिच्यासाठी तीनशे मुली एका सुरात, जरा कंटाळूनच, म्हणाल्या, “तिला शांती लाभो.” आणि पुढच्या नावाची वाट बघू लागल्या. मी उरलेली पानं कशीबशी संपवली.

मुली वर्गांत गेल्या. पहिल्या बाकावर शिट्टी सिस्टर एकट्याच उरल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

“एकतीस वर्षं तुझ्यासाठी शांती मागितली,” त्या म्हणाल्या. “मिळाली का?”

“नाही, सिस्टर.”

त्यांनी माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, आणि मी हमसून हमसून रडायला लागले. आजवर रडले होते ते, तिच्या जागी मी का गेले नाही म्हणून. ती गेली म्हणून मी त्या सकाळी पहिल्यांदा रडले.