जिन्याखालचा बाक

सातव्या वारी, म्हणजे शनिवारी, सकाळी बेउलाने नेहमीप्रमाणे चुलीवर इस्त्री तापत ठेवली, पुठ्ठा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि खिडकीशी बसून करड्या रेशमाला चुण्या घालायला घेतल्या. मित्र-समाज या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातील साऱ्या स्त्रिया घालीत तीच ही टोपी: गालांच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेली, खोल, बिनशोभेची. दोरा तागाचा होता. गुलामांनी वेचलेल्या कापसाचा धागा नऊ वर्षांत या घरात आला नव्हता.

चौथी चुणी बसवताना दारातला उजेड अडला. पिवळ्या जाकिटाचा एक माणूस उंबऱ्याशी उभा होता. मागच्या पहिल्या वारी, रविवारच्या प्रार्थनेला, तो सभाघरात, अगदी मागे, भिंतीला टेकून बसलेला तिने पाहिला होता.

"तुमच्या बायका मागून सगळ्या सारख्याच दिसतात, बाई. नवरे ओळखतात तरी कसे?"

"समोर येऊन. तुला काय हवंय?"

"मला अरे-तुरे? आमच्या मेरीलँडात कोणाची छाती झाली नसती."

"आम्ही न्यायाधीशालाही असंच बोलतो."

तो मनापासून हसला. "पण सभाघरात जिन्याखालचा तो बाक काळ्या बायकांसाठी वेगळा ठेवलात, हे फार बरं केलंत. हुडकत बसायला नको. त्या तिघींतली तपकिरी शालवाली कुठली गं?"

'ठाऊक नाही' एवढे दोन शब्द पुरले असते. पण असे खोटे शब्द बेउलाच्या तोंडून जन्मात कधी निघाले नव्हते.

"ठाऊक आहे. सांगणार नाही."

"झालं तर मग!" सौदा पटल्यासारखी त्याने मान हलवली. "उद्या चेहरा नीट पाहून घेतो. आणि पुलावर माझी दोन माणसं बसली आहेत. पळालेले गुलाम धरून न्यायला गेल्या वर्षीपासून कायदाही माझ्याच बाजूचा आहे."

तो गेल्यावरही ती सुई हातात धरून तशीच बसून राहिली. बाकावरच्या इतर दोघी याच गावात स्वतंत्र म्हणून जन्मल्या होत्या. तपकिरी शालेची टेंपी मात्र सहा वर्षांपूर्वी गुलामीतून पळून आली होती आणि गावातले कपडे धुऊन पोट भरत होती. लपवण्यासारखे काही नसते, तर नकार कशाला दिला असता? खरे बोलून बेउलाने तिच्याकडे बोट दाखवले होते.

सभेच्या ज्येष्ठांपैकी असलेली रूथॅना ओसरीवर सफरचंदाच्या फोडी दोऱ्यात ओवीत होती. तिने बेउलाचे सारे ऐकून घेतले.

"टेंपीला घरीच राहू दे."

"गाव ते केवढंसं! दुपारपर्यंत तो तिच्या दारात उभा राहील. उद्या सभा सुटली की वरच्या वस्तीच्या गाड्या बायकांनी भरून परत जातील. तेवढ्या टोप्यांत पुलावर तिला कोण ओळखणार? पण ती सुरुवातीपासून आपल्यातच बसलेली हवी. त्या बाकावरून उठली तर तो मागोमाग येणारच."

"बाक बापजाद्यांपासून आहे, बेउला. बदलायचा तर महिन्याच्या सभेत विषय काढावा लागेल."

"ती तीन आठवड्यांनी आहे."

"रागावली आहेस तू. राग आणि देवाने दाखवलेला आतला प्रकाश, दोन्हींची ऊब सुरुवातीला सारखीच लागते. प्रकाशाच्या पुढे धावू नकोस, पोरी."

"आणि मागे किती राहू?"

रूथॅनाची सुई थांबली.

घरी येऊन बेउला अर्धवट टोपी मांडीवर घेऊन स्वस्थ बसली. रूथॅनाचे म्हणणे तिने झटकून टाकले नाही. त्या माणसाचा राग आला, स्वतःचा आला. बाकासमोरून इतकी वर्षे मुकाट्याने गेलो, याची लाज आली. चूल विझत आली तसे एकेक करून सारे निवले. खाली जे उरले त्याला शब्द नव्हते. सभाघरातली तिसऱ्या ओळीतली स्वतःची जागा तिला दिसत होती, आणि तिथे ती स्वतः नव्हती. ती वाट पाहत राहिली. ते चित्र हलले नाही. मग तिने पुन्हा इस्त्री तापत ठेवली.

पहिल्या वारी सभा भरण्यापूर्वी, सभाघरामागच्या लाकडाच्या खोपटात तिने टेंपीच्या हनुवटीखाली नव्या टोपीचे बंद बांधले.

"यातून नाकासमोरचं तेवढं दिसतं," टेंपी म्हणाली. "आता कळलं, आमचा बाक तुम्हाला इतकी वर्षं का दिसला नाही ते."

बेउलाला हसू आले नाही. "खरं आहे," ती म्हणाली.

"माझ्या जागी बसणार, तर माझी शाल तरी घे. त्याला वाटेल मीच बसले आहे."

"ते खोटं होईल."

"तुमचं ते खरं मला कालच महागात पडलंय, बाई!" टेंपीने शाल घडी करून पोटाशी धरली. मग ती तिने लाकडांमागे सारली.

दोघी स्त्रियांच्या दाराने आत गेल्या. तिसऱ्या ओळीत टेंपी बसली; शेजारणीने न बोलता झगा आवरून घेतला. बेउला मात्र मधल्या वाटेने मागे वळली. समोरच्या, ज्येष्ठांच्या उंच बाकावरून रूथॅना पाहत होती. तिचे ओठ हलले, पण ती उठली नाही. जिन्याखालच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि सरकून जागा केली. फळी गार होती. तिथून समोरचे काहीच दिसत नव्हते. दिसत होता फक्त जिना.

थोड्या वेळाने बुटांचा आवाज आला आणि तिच्या पाठीमागे थांबला. सभेवर प्रार्थनेचे मौन उतरले. कोणी खोकलेसुद्धा नाही. तिच्या मानेवर त्या माणसाचा श्वास जवळजवळ जाणवत होता. तो वाट पाहू शकत होता, त्याला घाई नव्हती.

तासाभराने रूथॅनाने रीतीप्रमाणे शेवटची खूण म्हणून शेजारणीचा हात हातात घेतला आणि सभा सुटली. करड्या टोप्या दाराकडे निघाल्या. बाहेर गाड्यांची चाके कुरकुरली.

तो बाकाला वळसा घालून पुढे आला, वाकला, एकेक चेहरा पाहू लागला. बेउलापाशी येताच सरळ झाला.

"ती कुठे आहे?"

"ठाऊक आहे. सांगणार नाही."

दूरवर गाड्यांखाली पुलाच्या फळ्या वाजू लागल्या. मध्येच थांबल्या. त्यानेही कान टवकारले. मग त्या पुन्हा वाजल्या, आणि वाजतच राहिल्या.

तो धावत बाहेर गेला. बाकावरच्या दोघी उठल्या. बेउला बसूनच राहिली. पुढच्या पहिल्या वारीही ती इथेच बसणार होती.