दर अर्ध्या तासाने

लिसार्दोने असं वागावं, हे ओतिलियाच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं. बहीण गेल्यावर याच पोराला तिने मिरच्या वाळवायच्या कोठारात खेळवत वाढवलं. आणि आता मेरिदा शहरात, शाळांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत बसून हा रोज मावशीची अक्षरं बारीक करत होता.

गावच्या शाळेत प्रौढांचा वर्ग भरायचा. बाहत्तराव्या वर्षी ओतिलिया तिथे जात होती. शुक्रवारी परीक्षा होती, तीही कॉम्प्युटरवर, आणि आपण पास होणार हे तिने बेकरीत चारचौघींना ऐकवून ठेवलं होतं. पण पडद्यावर अक्षरं कसली, नुसत्या मुंग्या. शिकवणाऱ्या आरासेलीबाई अक्षरं मोठी करून द्यायच्या; अर्धा तास बरं चालायचं, की पुन्हा मुंग्या. वीस दिवस हेच.

"मी काही करत नाही हो, ते मेरिदाहून होतं," बाई म्हणाल्या.

मेरिदाहून म्हणजे लिसार्दोच. नाताळात आपण त्याच्या होणाऱ्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, त्याचा हा सूड.

रविवारी तो जेवायला आला. तिने मिगासची, लसणात परतलेल्या शिळ्या पावाच्या चुऱ्याची, कढई त्याच्यापुढे आदळली.

"गीळ. आणि सांग, माझ्या अक्षरांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"मावशी, मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"मग कुणी लावला?"

"कुणीच नाही. मशीन कसं असावं, ते मी एकदाच लिहून ठेवलंय, सगळ्या शाळांसाठी. दर अर्ध्या तासाने प्रत्येक मशीन ते वाचतं, आणि काही वेगळं झालं असेल तर आपणहून सरळ करतं."

"म्हणजे मी वाकडं करून ठेवते?"

"तसं नाही गं..."

"थांब. याच टेबलावर छाती फुगवून कोण म्हणालं होतं, शाळेतल्या कॉम्प्युटरची ही प्रणाली कुठल्या कंपनीची नाही, कुणीही उघडावी, हवी तशी बदलावी? मी बदलली. आता?"

लिसार्दोने घाईने घास गिळला. "बदलता येते की. फक्त... शाळेतली नाही."

"कुणीही, पण मी नाही. वा!"

"बरं बाई, तुझ्यासाठी एक ओळ लिहितो. मग तर झालं?"

झालं की नाही, तेच तिला कळेना.

शुक्रवारी ती सात नंबरच्या टेबलाशी बसली, तर अक्षरं बोटाएवढी! ती खुशीत टाइप करू लागली. तेवढ्यात शेजारच्या वर्गात पोरांचा गलका उठला. त्यांच्या पडद्यावर तीनच शब्द मावत होते. आरासेलीबाईंचा फोन वाजला, मेरिदाहून लिसार्दोचा. त्याने घाईघाईत ती ओळ सगळ्या शाळांसाठी लिहून ठेवलेल्यातच घातली होती, आणि चारशे शाळांत अक्षरं फुगली होती. ओतिलियाने फोन हिसकावला.

"मावशी, साहेब डोक्यावर उभे आहेत. अर्ध्या तासात सगळं पहिल्यासारखं होईल."

"आणि माझं?"

"तुझं वगळतो, पण मशीनचं नाव सांग."

"सात."

"तो टेबलाचा आकडा! मागे चिठ्ठी असेल, तिच्यावरचं."

ओतिलियाने वाकून पाहिलं. तिथेही मुंग्या. शेवटी आरासेलीबाईंनी गुडघे टेकून एकेक अक्षर वाचून दाखवलं.

थोड्या वेळाने वर्गातल्या सगळ्या पडद्यांवरची अक्षरं बारीक झाली. ओतिलियाचा पडदा तेवढा तसाच राहिला. कुणी हातही न लावता हे कसं झालं, ते तिला अजून उमगलं नव्हतं. विचार करायला वेळही नव्हता. परीक्षेत, चौकात बाक हवा, असा महापौरांना अर्ज लिहायचा होता. तिने तो शेवटच्या टिंबापर्यंत लिहिला, खाली आपलं पूर्ण नाव घातलं आणि बाईंकडून फोन मागून घेतला.

"लिसार्दो, ऐक. मला वाटत होतं, तू डूख धरलायस. नाही रे, तेवढं डोकं नाही तुला. चारशे शाळांना शिस्त लावतोस, आणि समोर बसून खाऊ घालणाऱ्या मावशीला, तू कुठल्या मशीनवर बसतेस, एवढं विचारत नाहीस. त्यापेक्षा सूड घेतला असतास, तर निदान माझी आठवण तरी काढली असतीस."